न धुतलेली पिशवी

कुठल्याही दारातून आत शिरण्याआधी ताई पदराचं टोक झटकन नाकाला लावायच्या. तुम्ही शेजारी उभे असता तर तुम्हाला वाटलं असतं, बाई घाम टिपताहेत. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. मग एकदा नामपल्लीच्या मेट्रो स्टेशनवर, डब्याचं दार उघडण्याच्या आत, त्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काही वास येतो का गं?"

मी चहूकडे हुंगून म्हटलं, "कशाचा?"

"माझा."

वास कसला यायचाय? आला तर साबणाचा, आणि त्याच्यावर पावडरचा. ताईंइतकी स्वच्छ बाई मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही.

आम्ही नामपल्लीच्या एका सरकारी कचेरीत एकाच सेक्शनला होतो. राहायलाही दोघी कुकटपल्लीला, समोरासमोरच्या बिल्डिंगींत, त्यामुळे जाणं-येणं बरोबरच व्हायचं. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून मी ताई म्हणायची. माझं ऐकून तेलुगू मंडळींनी त्याला आपला मानाचा 'गारू' जोडला आणि सगळ्या मजल्यावर त्या 'ताईगारू' झाल्या. त्यांचं खरं नाव नव्या साहेबांना निरोप समारंभाच्या दिवशी कळलं.

सकाळी आल्या की आधी ओल्या फडक्यानं टेबल, मग कोरड्या फडक्यानं टेबल, मग खुर्ची, मग खुर्चीचे पाय. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर माझं टेबल. "पाय वर घे," एवढंच म्हणायच्या. अधूनमधून मला ओढून बेगम बाजारात न्यायच्या आणि कपड्याच्या साबणाच्या वड्या खोक्यानं उचलायच्या, शिवाय रिठे, शिकेकाई आणि फिनाईलचा डबा. एकदा दुकानदारानं विचारलं, "अम्मा, लाँड्री है क्या आपकी?"

"पूछो नक्को," मीच मध्ये तोंड घातलं, "इनके घर में गॅस का सिलिंडर बी नहाता."

ताई मोकळेपणी हसल्या, पण वडी एकही कमी घेतली नाही.

त्या रिटायर झाल्या आणि लवकरच त्यांची लेक कॅनडाला निघाली. जावई आधीच तिकडे गेले होते. ताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणजे घरात आता त्या एकट्याच उरणार. लेकीनं आपलं सामान कुणाकुणाला वाटून टाकलं. एक गोष्ट मात्र वाटण्यासारखी नव्हती. ती एका उंच पिंजऱ्यात, कापडाच्या घडीत झोपलेली होती.

शुगर ग्लायडर हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. मुठीत मावेल एवढा देह, तेवढीच लांब शेपटी, राखाडी मऊ केस, आणि नाकापासून निघून पाठीवरून गेलेली एक काळी रेघ. डोळे तोंडाच्या मानानं फारच मोठे, काळेभोर. पुढच्या मनगटापासून मागच्या घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंना कातडीची घडी असते. बसलेला असला की ती पोटाशी गोळा होते, सैल झबलं घातल्यासारखी. बोटं इतकी बारीक की मी माझ्या करंगळीचं टोक पुढे केलं तेव्हा ते धरायला त्याचा अख्खा हात लागला. एवढ्याशा हाताला नखं, सांधे, तळवा सगळं जागच्या जागी होतं. मी बराच वेळ बघत राहिले. देवानं एवढ्या लहान जागेत एवढं काम कसं केलं असेल, असं मला खरोखर वाटलं.

"उंदीर तो उंदीरच," ताई लांबूनच म्हणाल्या.

"मम्मी, तो उंदीर नाहीये. ही इज अ बेबी," लेक म्हणाली. "नाव चिकू. दिवसभर झोपतो. फ्रूट दे, उकडलेलं अंडं दे, वर्म्स दे, अन् थोडं बाँडिंग कर. दॅट्स ऑल."

"ते काय असतंय?"

"जवळ ठेवायचं गं. पाउचमध्ये घालून गळ्यात अडकवायचं. त्याला तुझी सवय होईपर्यंत."

लेक विमानात बसली आणि ताईंनी जुनं सुती पातळ फाडलं. त्याचे थर लावून, गोधडीला घालतात तसे बारीक टाके घालून त्यांनी एक पिशवी शिवली आणि तिला गळ्यात अडकवायला पट्टा लावला. ताईंचं एक होतं, अंगावर घेतलेलं काम त्या अर्धं टाकत नसत. सबंध दिवस चिकू त्या पिशवीत त्यांच्या पदराआड झोपायचा. आणि दिवेलागणीला तो उठून पिंजऱ्यात गेला, की ताई पिशवी साबण लावून खसाखसा धुवायच्या आणि बाल्कनीत वाळत घालायच्या. दुसरी तशीच शिवलेली तयार असायचीच. पिंजरा रोज फिनाईलच्या पाण्यानं पुसायचा. हात साबणानं धुतल्याशिवाय त्याला शिवायचं नाही. त्याच्या खाण्यातल्या अळ्या जिवंत असतात, त्यासुद्धा ताई चहाच्या गाळणीत घेऊन नळाखाली धरायच्या.

"ताई, अळ्यांना पावडरही लावा," मी म्हणायची.

"हस तू. पोटात जायचंय लेकराच्या," त्या म्हणायच्या. म्हणजे उंदराचं आतापर्यंत लेकरू झालं होतं.

पण लेकरू काही ताईंचं झालं नव्हतं. त्या पिंजऱ्याजवळ गेल्या की तो मागच्या पायांवर उभा राहून असा आवाज काढायचा की बाई, तेल नसलेलं शिलाई मशीन कुणीतरी जोरात चालवतंय असं वाटावं. एवढ्याशा गळ्यातून एवढा आवाज निघतो कसा याचंच मला नवल वाटायचं. हात आत घातला की चावायचा. पपईची फोड दिली तर आधी आधी रस चोखून चोथा भिरकावून द्यायचा, आपण उसाची चोयटी टाकतो तशी, आणि ताई तो एकेक चोथा वेचत बसायच्या. मग तो चोथाही दिसेनासा झाला. चिकू काही खाईना. स्वतःच्या शेपटीचे केस दातानं उपटायला लागला. शेपटीच्या मुळाशी गुलाबी कातडी दिसू लागली.

लेकीनं फोनवर सतरा उपाय सांगितले. शेवटी ती रडायलाच लागली. "मम्मी, प्लीज, ही विल डाय. डू समथिंग."

ताईंनी फोन ठेवला आणि माझा हात धरला. "माझ्या हातून जातंय गं हे. काय कमी केलं मी? अजून किती स्वच्छ ठेवू?"

कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा कुणीतरी असल्या प्राण्यांच्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला. आम्ही रिक्षानं गेलो. डॉक्टरांनी चिकूला तपासलं, मग पिशवी हातात घेतली आणि नाकाला लावली. ताई ताठ बसल्या.

"अम्मा, ये कब धोये?"

"रोज धोती मैं," ताई जरा अभिमानानंच म्हणाल्या. "एक दिन बी नागा नै."

डॉक्टर हसले नाहीत. "खाने में सब गलती करते, आप धोने में किये. ये आँख से कम, नाक से जास्ती पहचानता. आप रोज के रोज इसमें से खुद कू धो डाल रहे. फिर ये पहचानेगा किसकू?"

त्यांनी नीट समजावलं. ह्या जिवाला माणूस म्हणजे एक वास. तो वास रोज तोच राहिला तर घर. रोज नवा साबण नाकात गेला तर रोज नवीन शत्रू. पिशवी धुवायची नाही, अंगाला पावडर लावायची नाही, पिंजऱ्याला फिनाईल तर मुळीच नाही. मी तोंड वासून ऐकत होते. चिकूचं नाक म्हणजे मोहरीएवढं गुलाबी टोक. तेवढ्यात अख्ख्या ताई मावतात, हे मला खरंच वाटेना.

घरी आल्यावर ताई बाल्कनीत बसल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत चिकू. दुपारचं ऊन होतं.

"म्हणजे मी आता पारोशी राहू?" त्या म्हणाल्या.

"पारोशी कशाला? अंघोळ करा की. फक्त पिशवी धुवू नका."

"पिशवी काय अन् मी काय. वास माझाच ना तिच्यात." मग त्या रस्त्याकडे बघत बोलायला लागल्या. "शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. आमच्या वस्तीतली मी एकटीच वर्गात. पोरी नाकाला हात लावायच्या, वास येतो म्हणायच्या. मी रोज अंघोळ करून जायची गं. माय अंधारात उठून पाणी आणायची अन् दगडानं घासायची मला. कातडं लाल व्हायचं. म्हणायची, नाव ठेवायला जागाच नाही ठेवायची आपण."

ताईंचं माहेर नांदेडकडचं, घर बौद्ध, हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. पण पदर नाकाला का जातो हे मला त्या दुपारी कळलं. त्या पोरींचा मला असा राग आला की त्या आता आज्या झाल्या असतील हेही सुचलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं.

"आता ह्या वयात कोणी म्हणालं, ताईगारूचा वास येतोय, तर?" त्या म्हणाल्या. "नाही व्हायचं माझ्यानं. पोरीला सांगते, दुसरं घर बघ म्हणून."

पण फोन न करता त्या उठून आत गेल्या आणि कपाटातून एक हिरवं लुगडं घेऊन आल्या. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं.

"मायचं," त्या म्हणाल्या. "माझी पोर झाली तेव्हा मायनं तिला ह्याच्यातच गुंडाळलं होतं. आमच्यात तान्ह्या लेकराला नवं कापड लावत नाहीत. आईचं नाहीतर आज्जीचं, अंगावर वापरलेलं, असंच लावतात. मऊ असतं म्हणून, एवढंच मला माहीत." त्यांनी लुगडं नाकाला लावलं. पदर लावायच्या तसं झटकन नाही. बराच वेळ. "माय गेली अन् मी हे साबणानं धुतलं. दोनदा धुतलं. स्वच्छ करून ठेवलं."

ताई पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या.

"चुलीचा, ज्वारीच्या पिठाचा अन् घामाचा वास यायचा मायच्या पदराला. त्याच्याशिवाय झोप यायची नाही मला." त्यांनी लुगडं माझ्यापुढे धरलं. "बघ. काही वास येतो का?"

मी वास घेतला. साबणाचा येत होता.

"तो घाण नव्हता गं," ताई म्हणाल्या, आणि मांडीवरची पिशवी उचलून त्यांनी पट्टा गळ्यात घातला.

त्या दिवसापासून त्या घरात साबणाची नवी वडी फुटली नाही. अंघोळ साध्या पाण्यानं. पावडरचा डबा माझ्या घरी आला. पिशवी एकच, दिवसभर छातीशी. सुरुवातीला ताईंना फार जड गेलं, हे मी जवळून पाहिलं. नळ सोडायच्या, पिशवी त्याच्याखाली न्यायच्या, आणि परत गळ्यात घालायच्या. भाजी निवडताना, टीव्ही बघताना हात आपोआप पिशवीवर जायचा. एक दिवस मी गेले तर दारातच म्हणाल्या, "चाटला मला! हे बघ, इथं, अंगठ्याला." अंगठा त्यांनी मला असा दाखवला, जणू त्यावर एखादी अंगठी असावी. मग अंडं खाल्लं. मग शेपटीला बारीक लव आली. तो शिलाई मशीनचा आवाज आता तो माझ्यावरच काढायचा, ताईंवर नाही.

आणि मग ती संध्याकाळ. मे महिना होता. चिकूला मोकळं सोडायचं तर पंखा बंद, खिडक्या बंद, पाण्याच्या बादलीवर झाकण. ताई हे सगळं नेमानं करायच्या, त्यामुळे मी घामानं निथळत भिंतीशी उभी होते. ताई बाल्कनीच्या काचेच्या दाराशी. चिकू पिंजऱ्यातून निघून पडद्यावरून कपाटाच्या माथ्यावर गेला होता. तिथून त्यानं खाली पाहिलं. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे वाकडं करून त्यानं अंतर जोखलं. नाक सारखं थरथरत होतं.

आणि त्यानं स्वतःला सोडून दिलं.

पोटाशी गोळा झालेलं ते झबलं एकदम उलगडलं. चारी पाय ताणले गेले आणि मुठीएवढा चिकू हातरुमालाएवढा झाला. मावळतीचा उजेड काचेतून येत होता, तो त्याच्या कडांतून आरपार गेला आणि मला आतल्या केसाएवढ्या शिरा दिसल्या. आवाज नाही, फडफड नाही. सगळ्या खोलीवरून तो असा गेला की मी श्वास घ्यायचं विसरले. मी आयुष्यात डोंगर पाहिलेत, समुद्र पाहिलाय. एवढी थक्क कधी झाले नव्हते.

तो ताईंच्या छातीवर उतरला. एकदा वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंड खुपसून पिशवीत शिरला.

ताईंचे दोन्ही हात हवेतच होते. त्यांनी त्याला बोलावलं नव्हतं, धरलंही नव्हतं.

"माझ्याकडं आला," त्या कुजबुजल्या. "तू पण उभी होतीस ना गं? तुझ्याकडं नाही आला. माझ्याकडं आला."

"हो, ताई."

"वासावर आला गं माझ्या."

आणि ताई रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या, पण छाती हलू नये म्हणून हुंदकेसुद्धा बेतानं. मीही रडले. पंखा लावायचं दोघींनाही सुचलं नाही.

पुढे त्यांच्या बिल्डिंगची मीटिंग होती, पाण्याच्या टँकरवरून. चिकूला घरी ठेवून, पिशवी मात्र काखेला अडकवून ताई आल्या. मला का बोलावलं होतं कोण जाणे, बहुधा सोबतीला. हॉलच्या दाराशी मी सवयीनं त्यांच्या पदराकडे पाहिलं. तो खांद्यावरच राहिला. आम्ही बसलो तशी शेजारची बाई इकडेतिकडे हुंगायला लागली. "क्या तो बी बास आ रही," ती म्हणाली.

मी ताईंकडे पाहिलं.

"हौ अम्मा, मेरीच है," ताई म्हणाल्या, आणि खुर्चीला पाठ टेकून आरामात बसल्या. मग तिला चिकूचं सगळं पुराण सांगितलं. टँकरचं काय ठरलं ते आम्हा तिघींनाही कळलं नाही.

यंदा लेकीला दिवस गेले आणि ताईंना कॅनडाला जावं लागलं. चिकूला नेता येणार नव्हतं. तो माझ्याकडे आला, पिंजऱ्यासकट आणि पिशवीसकट. निघायच्या आधी ताईंनी बॅग भरली, त्यात सगळ्यांत वर एक पातळ होतं. आदल्या दिवशी नेसलेलं, न धुतलेलं, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेलं.

"लेकराला लागेल," त्या म्हणाल्या. मग मला दहादा बजावलं. पंखा बंद कर, अंडं नीट उकड, एकटा पडू देऊ नको, अन् पिशवी...

"धुवायची नाही. ठाऊक आहे, ताई."

त्या लवकर येतील असं आधी वाटलं होतं. आता लेक सोडत नाही, नातवाला सांभाळायला दुसरं कुणी नाही. कधी येतील हे त्यांनाही सांगता येत नाही. मी चिकूला माझी सवय व्हावी म्हणून माझ्या जुन्या ओढणीची नवी पिशवी शिवलीय. तो माझ्या खांद्यावर चढतो, माझ्या हातून खातो. पण उजाडायला लागलं की माझ्या पिशवीवरून चालत जाऊन त्या जुन्या पिशवीत शिरतो. अजून एकदाही चुकलेला नाही.

व्हिडिओ कॉलवर ताई हाका मारतात, "चिकू, अरे चिकू!" तो पडद्याकडे बघतसुद्धा नाही. फोनला वास नसतो. ताई नातवाला दाखवतात, त्या पातळात गुंडाळलेला, गाढ झोपलेला. मागे स्वच्छ पांढरी भिंत आणि खिडकीबाहेर बर्फ.

परवा त्या म्हणाल्या, "ती पिशवी आण बरं जवळ." मी आणली. मग त्यांनी विचारलं, "काही वास येतो का गं, अजून?"

तोच प्रश्न, त्याच हळू आवाजात. पण उत्तराची भीती आता उलटी होती, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

मी पिशवी नाकाला लावली. खरं सांगते, माझ्या नाकाला पपईचा आणि चिकूचा वास आला, दुसरं काही कळलं नाही. मी आत डोकावले. तो गोळा होऊन झोपला होता, आणि त्या जुन्या पातळाची एक दशी त्यानं मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

"येतो, ताई," मी म्हटलं. "अजून येतो."